डेव्हिड गुडिस घरी परतला म्हणजे हरला का?

निशाचर :
या अमेरिकन कादंबरीकाराबद्दल एकच रडगाणं ऐकू येतं. 'डार्क पॅसेज' ही कादंबरी १९४६ साली एका साप्ताहिकात क्रमशः छापून आली, १९४७ मध्ये हम्फ्री बोगार्टला घेऊन सिनेमा निघाला, वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओचं काम मिळालं आणि १९५० मध्ये गडी सगळं सोडून फिलाडेल्फियात आईवडिलांच्या घरी येऊन राहिला. वाया गेला म्हणे! मला हे साफ नामंजूर आहे. त्याचं खरं लेखन तिथून पुढचं. 'डाउन देअर' (१९५६) घ्या. एकेकाळी कार्नेगी हॉलसारख्या नामांकित सभागृहात वाजवलेला एडी आता फिलाडेल्फियातल्या पोर्ट रिचमंड वस्तीच्या बारमध्ये पियानो वाजवतोय. रक्तबंबाळ भाऊ जवळ येऊन मदतीसाठी गयावया करतो, तरी याची बोटं थांबत नाहीत. असा माणूस स्टुडिओच्या पगारावर बसून लिहिता येत नाही.

पाऊलखुणा :
असहमत. दुसऱ्याच्या पडझडीचं कौतुक करायला आपलं काय जातं? २५ सेंटची पेपरबॅक, वर भडक चित्र, देशातले समीक्षक ढुंकून बघत नाहीत. घरी मानसिक आजारी भाऊ. १९६७ मध्ये गेला तेव्हा वय अवघं ४९. शिवाय पुस्तकं एका साच्यातली : वर चढलेला माणूस, एक आघात, मग दारू आणि गल्ल्या.

रेघ :
'कॅसिडीज गर्ल' (१९५१) दहा लाखांवर खपली. 'डाउन देअर'वर फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने १९६० मध्ये सिनेमा केला. याला पडझड म्हणायचं?

निशाचर :
साचा म्हणून सोडून देऊ नका हो. कॅसिडी वैमानिक होता, विमान पडल्याचा ठपका त्याच्यावर आला, आता बस चालवतो. त्याला पुन्हा उभं राहायचंय. एडीला मात्र कुणी आपल्याकडे बघूच नये असं वाटतं. पाच वर्षांत लेखक किती आत उतरलाय बघा!

पाऊलखुणा :
वाचक म्हणून पटतं. पण 'द फ्यूजिटिव्ह' ही टीव्ही मालिका आपल्या 'डार्क पॅसेज'वरून उचलली, म्हणून त्याने दावा लावला होता. साप्ताहिकात त्याच्या नावाने स्वामित्वहक्काची नोंद नव्हती, म्हणून हक्कच गेला, असा प्रतिवादींचा मुद्दा. अपील न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला १९७० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. तो भांडला ते हॉलिवूडच्या दिवसांतल्या पुस्तकासाठी. ते दिवस त्याने खुशीने मागे टाकले होते, हे मला तरी पटत नाही.