स्तन काढल्यावर पोटातून नवा स्तन: गरज की हौस?

रानजाई:
माझ्या मोठ्या वहिनीचा डावा स्तन तीन वर्षांपूर्वी काढला. तेव्हा ती ४६ वर्षांची होती. बायोप्सी, केमो, ऑपरेशन, रेडिएशन, सगळं कोल्हापुरातच झालं आणि नीट झालं. त्याबद्दल डॉक्टरांचे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही. पण स्तन पुन्हा घडवता येतो, हे त्या आठ-नऊ महिन्यांत कोणीही आपणहून सांगितलं नाही. मीच कुठेतरी ऐकून विचारलं, तर उत्तर मिळालं, "आता या वयात कशाला? दोन मुलं आहेत, संसार झालाय." वहिनी तिथेच बसली होती. तिने मान खाली घातली आणि पुढे दोन वर्षं घरात हा विषय निघालाच नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात तिचं 'डीप फ्लॅप'चं ऑपरेशन झालं. बेंबीखालची कातडी आणि चरबी काढतात, तिच्यासोबत तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही घेतात आणि हा तुकडा, म्हणजेच 'फ्लॅप', छातीवर नेऊन तिथल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. आठ तास लागले. पुढचे दोन दिवस नर्स दर तासाला येऊन नव्या स्तनाचा रंग आणि ऊब बघायची, छोट्या डॉपलर यंत्राने त्यातला रक्ताचा आवाज ऐकायची. आम्ही बाहेर बसून तो 'सूं सूं' आवाज ऐकत होतो.

माझं मत स्पष्ट आहे. स्तन काढायच्या आधी, सहीचा कागद पुढे करताना, प्रत्येक बाईला हा पर्याय सांगितलाच पाहिजे. करायचं की नाही ते ती ठरवेल. 'जीव वाचला ना, मग बाकीचं कशाला' हे वाक्य मला आता सहन होत नाही. पाय गेलेल्या माणसाला जयपूर फूट बसवताना हे कोणी विचारत नाही.

सुलभाकाकू:
रानजाई, वहिनींना लवकर बरं वाटो. पण मला तुझं म्हणणं पटत नाही.

माझं ऑपरेशन २००९ साली झालं, तेव्हा मी ५२ वर्षांची होते. आज १५ वर्षं होऊन गेली, मी सपाट छातीनेच राहते. सुरुवातीला सुती कापडाची घडी आत ठेवायचे, मग सिलिकॉनची गादी घेतली. उन्हाळ्यात तिच्याखाली घामोळं यायचं. शेवटी तीही सोडली. साडीचा पदर असतो, ढगळ कुर्ता असतो, काही अडत नाही.

आणि जयपूर फुटाची तुलना चुकीची आहे. पायाने माणूस चालतो. माझ्या वयात स्तनाचं काम उरलेलं नव्हतं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी मी माझं चांगलं, धडधाकट पोट कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरू का? माझ्या नात्यातल्या एका मुलीला सासरच्यांनी विचारलं, "ते परत बसवून घेणार ना?" तिची केमोही संपली नव्हती. पर्याय म्हणून आलेली गोष्ट बायकांच्या बाबतीत सक्ती व्हायला वेळ लागत नाही. मला भीती त्याची आहे.

शल्यकर्मी:
मी प्लास्टिक सर्जन आहे आणि हे ऑपरेशन करते, म्हणून माझं झुकतं माप कुठे आहे ते आधीच सांगते. काही गोष्टी स्पष्ट करते, मग वाद घालू.

अमेरिकेतल्या हार्ट्रॅम्फ यांनी १९८२ मध्ये 'ट्रॅम' फ्लॅप मांडला. त्यात पोटाचा उभा स्नायूच देठासारखा जोडलेला ठेवून कातडी-चरबी त्वचेखालच्या बोगद्यातून छातीकडे वळवतात. स्तन चांगला होतो, पण पोट एक स्नायू गमावतं. १९८९ मध्ये जपानच्या कोशिमांनी दाखवलं की स्नायू जागेवर ठेवून, त्याच्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून नुसती कातडी-चरबी उचलता येते. १९९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट अ‍ॅलन यांनी ते स्तनासाठी वापरलं. तेच हे 'डीप'.

मुळात स्वतःच्याच मांसातून अवयव घडवणं आपल्याला परकं नाही. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून घडवलं. १७९४ मध्ये ती हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडच्या शल्यवैद्यांनी त्यावरून धडे घेतले. कावसजीला कोणी म्हटलं नसेल, "श्वास तर घेता येतोय, मग नाक कशाला?"

पुनर्रचनेमुळे रोग परत येण्याची शक्यता वाढत नाही. अनुभवी हातांत फ्लॅप पूर्ण वाया जाण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन असतं. पण ज्या एकीचा जातो, तिच्यासाठी तो शंभर टक्के जातो, म्हणून हे मी प्रत्येकीला तोंडावर सांगते. आणि महाराष्ट्रात एक प्रश्न मला रोज विचारावा लागतो: मिश्री लावता का? बाई सिगारेट ओढत नाही म्हणून सुटलो, असं होत नाही. मिश्रीतही तंबाखूच आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि आमची सगळी भिस्त दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीवर असते. निदान चार आठवडे आधी मिश्री बंद करावी लागते. चाळीस वर्षांची सवय असलेल्या आजींना ते केमोपेक्षा अवघड जातं.

माणदेशी:
डॉक्टर, तुम्ही 'पोट एक स्नायू गमावतं' असं एका ओळीत लिहिलंत. माझ्या आईने ते बारा वर्षं भोगलंय.

तिचं ट्रॅमच केलं होतं. वर्षभरात पोटाला एका बाजूने फुगवटा आला, मग जाळी बसवायला दुसरं ऑपरेशन. आजही अंथरुणातून सरळ उठता येत नाही, कुशीवर वळून हाताचा रेटा द्यावा लागतो. आधी ती वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालायची. नंतर भारा उचलून द्यायला कोणीतरी लागायचं. शहरात बसून काम करणाऱ्या बाईचं पोट वेगळं आणि खुरपणाऱ्या बाईचं वेगळं. आमच्याकडे कंबर आणि पोट हेच भांडवल. स्तन परत मिळाला याचा तिला आनंद झाला का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "झाला की. पण कुणी आधी भाऱ्याचं सांगितलं असतं तर दोनदा इचार केला असता."

दुसरं म्हणजे सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतली रांग. गाठ घेऊन पोरीबाळी तारखेची वाट बघत बसतात. त्याच थिएटरमध्ये एका पुनर्रचनेला आठ तास द्यायचे म्हणजे तेवढ्यात दोन-तीन जणींच्या गाठी निघाल्या असत्या. हे मला न्यायाचं वाटत नाही, राग आला तरी चालेल.

रानजाई:
माणदेशी, राग नाही आला. आईंचं वाक्य वाचून थांबले. वहिनीच्या वेळी आधी सीटी अँजिओग्राफी करून रक्तवाहिन्यांचा नकाशा काढला होता, स्नायू ठेवता येईल याची खात्री करून मगच पुढे गेले. तरी सहा आठवडे जड उचलायचं नाही, असं सांगितलंय. तिची शेती नाही, शिलाईकाम आहे. तुम्ही लिहिलेलं मी त्या तराजूत घातलं नव्हतं, हे मान्य.

पण रांग आहे म्हणून सांगायचंच नाही, हे पटत नाही. माहितीला थिएटर लागत नाही.

पैशाबद्दलही लिहिते, कारण आम्ही इथेच फसलो असतो. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेने, आधी 'कॉस्मेटिक' म्हणून कॅशलेस नाकारलं. आमच्या पॉलिसीत विमा नियामकाने ठरवून दिलेलं प्रमाण कलम होतं. त्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. ते कलम अधोरेखित करून पाठवलं तेव्हा मंजुरी आली. अमेरिकेत तर १९९८ पासून कायदाच आहे: जी विमायोजना स्तन काढण्याचा खर्च देते, तिला पुनर्रचनेचाही द्यावा लागतो, दुसरा स्तन जुळवून घेण्याचाही. म्हणजे 'हौस' म्हणणं कागदावरही टिकत नाही.

बांधावरचा:
नवरा म्हणून दोन ओळी. आमच्याकडे दोन सर्जनांनी हे सुचवलं. बायकोने सगळं ऐकलं आणि 'नको' म्हणाली. तिला पुन्हा आयसीयूत जायचं नव्हतं, बस्. पण दोघाही डॉक्टरांनी सांगताना माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं काय मत?" माझ्या छातीवर काय होतं म्हणून मत देऊ? सुलभाकाकूंची भीती खरी आहे.

शल्यकर्मी:
माणदेशी, तुमच्या आईची तक्रार रास्त आहे. ती एक ओळ मी घाईत लिहिली. भाऱ्याचा प्रश्न आता माझ्या ओपीडीत विचारला जाईल: काय उचलता, किती उचलता, दिवसातून किती वेळा. डीपमध्येही पोटाला कमकुवतपणा येऊ शकतो, फक्त प्रमाण कमी.

रांगेचा मुद्दा मला खोडता येत नाही. एवढंच म्हणेन की पुनर्रचना त्याच दिवशी करावी लागते असं नाही. रेडिएशन व्हायचं असेल तर बरेचदा ते संपून सहा महिने ते वर्ष थांबणंच बरं. रोगाची ऑपरेशनं आधी होऊ द्यावीत, ही नंतर, वेगळ्या दिवशी. दोन-तीन वर्षांनीही करता येतं, रानजाईच्या वहिनी आहेतच.

काकू, तुमच्या एका वाक्याशी मात्र भांडेन. 'स्तनाचं काम उरलेलं नव्हतं.' तुमच्यासाठी खरं असेल. माझ्याकडे ६३ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, अविवाहित. बघणारं कोणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "आंघोळ करताना मीच बघते ना."

सुलभाकाकू:
त्या बाईंचं वाक्य मनाला लागलं. मागे घेते ते शब्द. माझं माझ्यापुरतं म्हणायला हवं होतं.

पण डॉक्टर, आता माझं ऐका. सपाट राहायचं असं मी आधीच सांगितलं होतं. तरी माझ्या सर्जनने काखेजवळ कातडीची घडी सोडून दिली, 'पुढेमागे मन बदललं तर उपयोगी पडेल' म्हणून. ती घडी १५ वर्षं ब्लाउजच्या शिवणीला घासते आहे. सपाट छातीसुद्धा नीट, सारखी, टाका जिथल्या तिथे बसलेली करता येते ना? मग पर्याय सांगाल तेव्हा तो तिसरा म्हणून पुटपुटू नका. पोटाचा फ्लॅप, सिलिकॉनचं इम्प्लांट आणि नीटस सपाट छाती, तिन्ही एकाच आवाजात सांगा. मग मी रानजाईच्या बाजूने सही करते.

शल्यकर्मी:
करता येते. तुमची घडी आजही भूल देऊन तासाभरात काढता येईल. 'मन बदललं तर' म्हणून ती सोडणं चूक होतं, कारण तुमचं मन ठरलेलं होतं.

रानजाई:
काकू, मान्य. तिन्ही, एकाच आवाजात.

वहिनी शेजारी बसली आहे, मी सगळं तिला वाचून दाखवलं. ती सांगते ते जसंच्या तसं लिहिते:

"काकूंना माझा नमस्कार. मलापण घामोळं यायचं. एकदा एसटीत वर पिशवी ठेवताना गादी सरकून गळ्यापाशी आली, तेव्हापासून मी हात वर करायचंच सोडलं होतं. आता करते. बाकी ज्या बायका हे करून घेणार, त्यांना एक सांग. नव्या जागेला काही कळत नाही, हात लावला तरी बधिर. परवा पोटाचे टाके ओढत होते म्हणून गरम पाण्याची पिशवी घेतली, ती वर सरकली, मला समजलंच नाही. जाऊबाईंनी लालसर झालेलं बघितलं म्हणून बरं. शेक घेऊ नका. आणि माणदेशीच्या आईला विचार, त्या उठताना कुठल्या कुशीवर वळतात? मला डाव्या बाजूने जमत नाही."

माणदेशी:
उजव्या. गुडघे आधी पोटाशी घ्यायचे, मग पाय खाली सोडत सोडत हाताने रेटा द्यायचा. आई म्हणते, घाई करू नका.