गणितात उत्तर आधी, प्रश्न कधीच नाही

तिरकी रेघ:
लॉगॅरिदमशी माझी ओळख फळ्यावरच्या एका व्याख्येनं झाली. पाठ केली, मार्क मिळाले. हे कुणाला कशासाठी हवं होतं, ते कळायला मात्र पंधरा वर्षं गेली. वर १, २, ३, ४, ५ आणि खाली २, ४, ८, १६, ३२ अशा दोन ओळी लिहा. ८ गुणिले ३२ करायचंय? त्यांच्या डोक्यावरचे ३ आणि ५ मिळवा, झाले ८. ओळी पुढे वाढवून आठाखाली बघा: २५६. बेरजेत गुणाकार उरकला! इथे वरचा आकडा म्हणजेच खालच्याचा लॉगॅरिदम, थोडक्यात लॉग. स्कॉटिश गणिती नेपियरनं १६१४ साली लॉगची कोष्टकं छापली ती लांबलचक गुणाकार-भागाकारांतून लोकांची सुटका व्हावी म्हणून. घातांकांवरून लॉग सांगायची रीत रुळली १८व्या शतकात. आपण मुलांना तीच आधी ऐकवतो आणि वर म्हणतो, यांना गणिताची गोडी नाही.

खोडरबर:
मास्तर आहे, म्हणून बोलतो. दोन ओळींचा हा खेळ मी दरवर्षी करतो. मुलं खूश. आठवड्यानं वह्या उघडल्या की हे हमखास सापडतं: लॉग (अ + ब) = लॉग अ + लॉग ब. गोष्ट कळली म्हणून हात बसत नाही, त्याला गणितं घासावीच लागतात. आणि इतिहासाच्या वाटेनं जायचं तर ऋण संख्यांचं काय? ब्रह्मगुप्तानं ६२८ साली त्यांचे नियम लिहून ठेवले, तरी १८व्या शतकातही युरोपात त्यांना नाकं मुरडणारे गणिती होते. वर्गानंही तेवढंच अडखळायचं का?

तिरकी रेघ:
इतिहास शिकवा असं कुठं म्हटलं? प्रश्न शिकवा म्हणतोय. तुमच्या मुलांची चूक त्याच दोन ओळींत पकडता येते. ८ अधिक ३२ म्हणजे ४०. तो ३२ आणि ६४ च्या मध्ये, म्हणजे डोक्यावर पाच आणि वर थोडं. आठ कुठून येणार? हे मुलालाच शोधू द्या.

खोडरबर:
हे आवडलं, करून बघतो. पण लाल फुलीला दोन सेकंद लागतात, याला अख्खा तास. तो कुठल्या धड्यातून कापू, तेही सांगा.

पावणेदोन:
तुम्ही लॉगपर्यंत तरी पोचलात. माझी गाडी अपूर्णांकांच्या भागाकारातच अडली. 'उलटा करा आणि गुणा.' का? तर तसंच असतं! परवा लेकीला म्हटलं, ३ भागिले १/२ म्हणजे तीनात अर्धे किती मावतात? सहा. कळलं तिला. लगेच विचारते, मग २/३ मध्ये ३/४ किती मावतात? उलटा करून गुणलं, ८/९ आलं. पण एकही पूर्ण मावत नाही, मग हे ८/९ कशाचे? माझी त त प प.

तिरकी रेघ:
दोन्हींचे बारावे भाग करा. एकीकडे ८, दुसरीकडे ९. नवातले आठच भरतात. झालं.

खोडरबर:
झालं खरं. फक्त त्यासाठी समच्छेद झटकन करता यायला हवा. तो घासूनच येतो ना?