केबिन क्रू, चौथा महिना, आणि कंपनी म्हणते बिनपगारी रजा टाक

सुदामानगरकर (इंदूर):
नमस्कार. मी एका खासगी विमान कंपनीत केबिन क्रू आहे, बेस मुंबई, माहेर-सासर दोन्ही इंदूरचं. सध्या चौथा महिना चालू आहे. कळल्याबरोबर कंपनीला सांगितलं आणि रोस्टरवरून (ड्यूटीच्या वेळापत्रकावरून) माझं नाव निघालं. त्याबद्दल तक्रार नाही, या अवस्थेत उडायचं नसतंच. पण नंतर एच.आर.चा फोन आला: ग्राउंड ड्यूटी (जमिनीवरचं काम) शिल्लक नाही, बाळंतपणाच्या रजेपर्यंत बिनपगारी रजेचा अर्ज टाका. शिवाय माझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलअखेर संपतंय, ते रिन्यू होणं कठीण, त्यापेक्षा आत्ताच राजीनामा दिलात तर एक्स्पिरियन्स लेटर लगेच मिळेल. हे सगळं तोंडी, मेल एकही नाही.
प्रसूतीची तारीख मेच्या मध्यावरची आहे. आमच्याकडे युनियन नाही. पगारात बेसिक थोडं, बाकी सगळा फ्लाइंग अलाउन्स, म्हणजे उड्डाणांचा भत्ता. सासूबाई म्हणतात, सोड ती नोकरी, जिवापेक्षा काय मोठं. मला मात्र सोडायची नाहीये. मला नक्की काय मिळायला हवं, कुणी सांगेल का?

बडोदेकर:
ताई, सर्वात आधी एक करा: राजीनामा देऊ नका. एकदा तुमच्या सहीने कागद गेला की तुम्हीच सोडून गेलात, असं होतं.
युनियनचं म्हणाल तर माझी मामेबहीण कॅनडात क्रू आहे, त्यामुळे तिथलं जवळून कळतं. एअर कॅनडाचे दहा हजारांहून जास्त क्रू १६ ऑगस्ट २०२५ ला संपावर गेले. मुख्य मुद्दा हाच की विमान जागेवरून हलेपर्यंत त्यांच्या पगाराचं घड्याळ चालूच होत नव्हतं. प्रवासी चढवणं, सामान वर बसवणं, दारं बंद होईपर्यंतची धावपळ, हे जवळजवळ फुकट. सरकारने कामावर परत जायचा आदेश काढला तरी ते हटले नाहीत, आणि १९ तारखेला जो समझोता झाला त्यात जमिनीवरच्या कामाचा मोबदला आला. आपल्याकडे असं एकजुटीचं बळ कमी, म्हणून कागदावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

जुनी पर्सर (रामबाग, इंदूर):
बेटा, आधी अभिनंदन. आणि बडोदेकरांनी सांगितलं ते पक्कं धरून ठेव.
माझी सगळी नोकरी विमानातच गेली आणि शेवटची काही वर्षं मी संघटनेच्या कमिटीवर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझ्या प्रश्नात दोन वेगवेगळे काळ आहेत. एक, बाळंतपणाची रजा. ती कायद्याने मिळते: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या आधी. अट एवढीच की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या मातृत्व लाभ कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण हे आकडे तसेच आहेत.
दुसरा काळ म्हणजे आत्ताचा: रोस्टरवरून उतरवल्यापासून रजा सुरू होईपर्यंतचे मधले महिने. कारकुनी काम करणाऱ्या बाईला हा प्रश्नच पडत नाही, ती सातव्या महिन्यापर्यंत टेबलावर बसून काम करते. आपलं कामच हवेत, म्हणून आपल्यालाच हा खड्डा पडतो, आणि तो कायद्याने भरत नाही. तो भरून काढतं संघटनेच्या करारातलं कलम: गर्भवती क्रूला जमिनीवर काम द्यायचं, पगार किती, अलाउन्सच्या बदल्यात काय. क्रूच्या कराराची प्रत कुणाच्या हाती लागली की पगाराच्या पानाआधी मी हेच पान उघडायला सांगते.
तेही कुणी वाटाघाटीला बसून लिहून घेतलं असेल तरच. एअर इंडियात एकेकाळी नियम होता: पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिली गर्भधारणा झाली की घरी. यातलं जे आधी घडेल ते. नर्गिस मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भधारणेची अट घटनाबाह्य ठरवली. लग्नाची चार वर्षांची अट मात्र राहू दिली. पुढे २००३ साली बायकांनी पन्नाशीत उडणं थांबवायचं आणि पुरुषांनी अठ्ठावन्नपर्यंत उडायचं, हेही न्यायालयाने मान्य केलं, आणि त्यात मोठा आधार होता संघटनेनेच केलेल्या करारांचा. वाटाघाटीच्या टेबलावर आपल्या बायका नसल्या की असली कलमं आपल्याच नावाने सही होऊन येतात. याचा मला आजही राग येतो.
आता तुझं. बिनपगारी रजेचा अर्ज टाकू नकोस. बाळंतपणाच्या रजेचा पगार हा रजेच्या आधीच्या तीन महिन्यांत जे दिवस काम केलंस त्यांच्या सरासरीवर ठरतो. तेच महिने तू स्वतःच्या अर्जाने बिनपगारी करून दिलेस तर भांडायला जागा कमी राहते. त्याऐवजी लेखी माग: 'मी जमिनीवरच्या कामासाठी उपलब्ध आहे, काम द्यावं.' ट्रेनिंग, रोस्टर, ग्रूमिंग चेक, डिस्पॅच, काहीही. नाही म्हणायचं असेल तर त्यांना लेखी नाही म्हणू दे.
रजेची नोटीसही लेखीच दे, डॉक्टरांच्या दाखल्यासह, आणि रजा २० मार्चच्या सुमारास सुरू कर. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चालू असतानाच ती सुरू झालेली असेल. डॉ. कविता यादव खटल्यात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कॉन्ट्रॅक्टची मुदत मध्येच संपली तरी मातृत्वाचे लाभ पूर्ण द्यायचे. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलंच पाहिजे, असं मात्र त्या निकालाने होत नाही, हे लक्षात ठेव. रजेवर असताना त्या कारणाने काढून टाकणं, किंवा रजेच्या काळात जिची मुदत संपेल अशी काढून टाकण्याची नोटीस देणं, हे बेकायदा आहे.

सुदामानगरकर:
ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. हँडबुक काढून पाहिलं. त्यात लिहिलंय, 'उपलब्धतेनुसार आणि कंपनीच्या निर्णयानुसार ग्राउंड ड्यूटी देण्यात येईल.' आणि एक भीती आहे. लेखी दिलं आणि त्यांनी डूख धरला तर?

जुनी पर्सर:
'उपलब्धतेनुसार' म्हणजे हक्क नाही. पण 'देण्यात येईल' हेही त्यांनीच छापलंय, तेव्हा अर्जात तेच वाक्य पान क्रमांकासह उतरव.
भीती समजते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूने एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या, पंचवीस जणांना काढलं. ९ मे ला दिल्लीत मुख्य श्रम आयुक्तांसमोर संघटना आणि कंपनी बसली आणि पंचवीसही जण परत घेतले गेले. तू एकटी आहेस, तुझी वाट वेगळी, पण दार तेच. विमान वाहतूक केंद्राकडे येते, म्हणून इथल्या राज्याच्या श्रम कार्यालयात हेलपाटे घालू नकोस. मुंबई बेस आहे, तिथल्या केंद्रीय श्रम आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार जाते.
अर्ज मेलने पाठव आणि एक प्रत स्पीड पोस्टाने. कुणाच्या हाती देणार असशील तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस. फोनवर जे बोलणं झालं ते आजच त्यांना मेल कर: 'आपण अमुक तारखेला फोनवर असं म्हणालात, ते बरोबर आहे ना?' उत्तर नाही आलं तरी तो मेल तुझ्याकडे राहतो. रोस्टर आणि मागच्या वर्षभराच्या सॅलरी स्लिपा कंपनीच्या ॲपवरून आजच उतरवून घे, लॉगिन बंद झालं की काही मिळत नाही. स्लिपेवर फ्लाइंग अलाउन्स वेगळ्या ओळीत आहे का पाहा. सरासरी काढताना ती ओळ धरायची की नाही, यावर ते वाद घालतील.
मसुदा नाव-गाव काढून इथेच टाक. रात्री बसून बघते.

बडोदेकर:
आणि ताई, तुमच्यासारख्या आणखी कुणी बेसवर असतील तर त्यांनाही हा धागा पाठवा. तिघी-चौघींनी एकच मागणी लेखी केली तर एच.आर.ला प्रत्येकीशी फोनवर वेगवेगळं बोलता येणार नाही.