इंग्लंडमधल्या जुन्या फार्महाऊसच्या विटा अशा का?

शेंगाचटणी:
मंडळी एक शंका. ताई-दाजींनी तिकडं सफोकमध्ये विटांचं जुनं फार्महाऊस भाड्यानं घेतलंय, काल व्हिडिओ कॉलवर सगळं फिरवून दाखवलं. पुढच्या भिंतीत एक वीट लांबीनं, एक तोंडानं (आखूड बाजू बाहेर) अशी रचना, आणि त्या तोंडाच्या विटा जळाल्यासारख्या काळ्यानिळ्या. मागं गेली तर लाकडाचा सांगाडा! बाजूला नंतर जोडलेल्या खोलीच्या विटा मात्र जाडजूड. दोन खिडक्या बुजवल्यात. आबा बघून म्हणले, गवंडी अडाणी होता. खरंय का? आणि खाली विटांचे पापुद्रे निघायलेत, घरमालक सिमेंटनं दर्जा (विटांमधल्या सांधी) भरतोय.

गवंड्याचा_नातू:
अडाणी कसला बे, कारागीर होता. एकाच थरात आलटून पालटून लावणं म्हणजे फ्लेमिश बाँड, आणि एक अख्खा थर लांबीचा, त्यावर अख्खा तोंडाचा, तो इंग्लिश बाँड. डिप्लोमाला दोन्ही काढून काढून बोटं मोडली आपली. फ्लेमिश दिसायला देखणा म्हणून दर्शनी भिंतीला. काळ्या विटा भट्टीत जाळाजवळ असतात, तोंड वितळून काचेसारखं होतं, फेकायच्या ऐवजी त्याचीच नक्षी केली. मागं लाकूड म्हणजे मूळ घर लाकडी असणार, अठराव्या शतकात विटांची फॅशन आली तशी लोकांनी फक्त पुढून विटा चढवल्या. पुढून शर्ट मागून बनियन.

कडक_भाकरी:
जाड विटांचं कारण टॅक्स! १७८४ ला तिकडं विटांवर कर बसला, हजारी अडीच शिलिंग. कर नगावर, मग लोकांनी वीटच मोठी पाडली. १८०३ ला सरकारनं मोठ्या विटेवर दुप्पट लावला, तेव्हा ती चलाखी थांबली. कर १८५० ला गेला. खिडक्यांवरपण टॅक्स होता, १६९६ ते १८५१, पण बुजवलेली प्रत्येक खिडकी त्यामुळंच असं नसतं, काही तर समोरून जोडी जुळावी म्हणून पहिल्यापासूनच खोट्या.

शेंगाचटणी:
मग ती खोली त्याच काळातली?

कडक_भाकरी:
असेल, पण जुन्या विटा काढून परत वापरतात, छातीठोक सांगू नको.

गवंड्याचा_नातू:
सिमेंट आधी थांबवा!! हाताच्या मऊ विटा, त्यात चुन्याचा माल, ओल चुन्यातून बाहेर जाते. सिमेंटनं ती वाट बुजली की पाणी विटेत मुरतं, थंडीत गोठतं आणि तोंड फुटतं. आपल्याकडं बर्फ नाही पण लोणा (ओलीबरोबर येऊन वीट खाणारा खार) आहे. आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्याला, खाली दगड वर विटा, एका कॉन्ट्रॅक्टरनं सिमेंटच्या दर्जा मारल्या. आता विटांची भुकटी होऊन आत गेली आणि दर्जा तशाच बाहेर उभ्या, मधाच्या पोळ्यासारख्या, रोज झाडताना लाल माती निघते. तिकडं घर लिस्टेड (जतन करायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत) असेल तर मालकाला अशा कामाआधी परवानगीपण लागू शकते, विचारा.

शेंगाचटणी:
ताईनं किल्लीनं खरवडून बघितलं. वरची दर्जा पांढरी, भुसभुशीत निघाली. खाली किल्लीच बोथट झाली, आणि पापुद्रे तिथंच आहेत. आबांना सांगितलं तर म्हणले, "चुना मळायची घाणी बंद पडली तवाच म्हणलो होतो मी."