उत्तर: हद्दपारीला स्थगिती आपोआप मिळत नाही
निर्वासितांबद्दल 'केस कोर्टात आहे तोवर सरकार कुणाला परत पाठवू शकत नाही' असं म्हटलं जातं, ते भारतात लागू नाही. निर्वासितांना धोक्याच्या ठिकाणी परत पाठवू नका असं सांगणाऱ्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही. याचिका दाखल झाली म्हणजे स्थगिती मिळाली असं होत नाही, अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश वेगळा मागावा लागतो. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांची परत पाठवण्याविरुद्धची याचिका 2017 पासून सर्वोच्च न्यायालयात होती. तरी 8 एप्रिल 2021 ला न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. 'विहित प्रक्रियेशिवाय पाठवू नका' एवढंच बंधन घातलं. राज्यघटनेचं कलम 21, म्हणजे जीविताचा हक्क, परदेशी माणसालाही लागू आहे हे खरं, अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालात तेच म्हटलंय. पण ते वेळेत कोर्टापुढे मांडायला वकील हवा.

पुण्यात तर अडचण दुहेरी. इथे उच्च न्यायालयाचं खंडपीठच नाही, अशा हक्कांसाठीच्या रिट याचिकेला मुंबई गाठावी लागते. कोंढव्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक अफगाण विद्यार्थी राहायचा. 2021 मध्ये अफगाणिस्तानात तालिबान सत्तेत आल्यानंतर त्याने यूएनएचसीआरचा (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा) कागद, व्हिसाच्या प्रती, सगळं एका निळ्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. दूध आणायला गेला तरी फोल्डर काखेत. कुणी अडवलं तर फोन कुणाला करायचा, तो नंबर त्याने आतल्या पुठ्ठ्यावर पेनाने ठळक लिहिला होता.