सीलबद्ध ट्रॉली आणि अँब्यू बॅग
सील शाबूत असेल तर क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांची औषधं आणि उपकरणं ठेवलेली ट्रॉली) रोज उघडायला नको, असं काही जण म्हणतात; ते औषधांपुरतं ठीक. अँब्यू बॅगचं, म्हणजे हाताने दाबून पेशंटला श्वास द्यायच्या बॅगेचं, तसं नाही. धुऊन परत जोडताना आतला डकबिल व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने, पेशंटकडे जाऊ देणारी झडप) राहून जातो आणि बॅग बाहेरून ठणठणीत दिसते! म्हणून जोडल्यावर, सील लावायच्या आधी, पेशंटकडचं तोंड तळव्याने घट्ट बंद करून बॅग दाबायची. सहज चेपली तर कुठला तरी व्हॉल्व्ह गळतोय. लहान मुलांच्या बॅगेत साधारण ४० सेंमी पाण्याच्या दाबाला पॉप-ऑफ (जादा दाब सोडून देणारी झडप) सुटून फुस्स होतं, ती गळती नव्हे. मग तिथेच टेस्ट लंग (फुप्फुसाच्या जागी चाचणीसाठी लावायची पिशवी) लावून दाबायची: फुगलं पाहिजे आणि सोडल्यावर लगेच रिकामंही झालं पाहिजे. फुगलेलंच राहिलं तर व्हॉल्व्ह चिकटलाय. हे दुसरं बरेच जण बघतच नाहीत.

लॅरिंगोस्कोपचा (श्वासनलिकेत नळी घालताना घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा मात्र रोजच लावून बघावा, त्यासाठी तो सीलबाहेरच्या कप्प्यात ठेवायचा.