स्टेअरिंग ढिलं झालं की स्क्रू आवळा म्हणे!

ग्रीसगन: परवा इथं एका पठ्ठ्यानं सल्ला दिलाय : "जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग ढिलं झालं तर स्टेअरिंगच्या बॉक्सवरचा चेकनट सोडा, मधला स्क्रू आवळा, दहा मिनिटांचं काम. मिस्त्री उगाच लुटतात." तेव्हापासून डोकं फिरलंय. हेच दहा मिनिटांचं काम माझ्या चुलत्यांनी केलं होतं. हँडल कडक लागलं, झाले खूश. आठव्या दिवशी पाटाच्या वळणावर डाव्या बॉल जॉइंटचा बॉल वाटीतून निसटला. एक चाक गावाकडं बघतंय, एक शेताकडं. पाटाला पाणी नव्हतं म्हणून खांदा निखळण्यावर भागलं.

अरे बाबा, आधी प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठं आहे ते तर बघ! जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरला बॉक्सच्या दोन बाजूंना दोन आर्म, दोन लांब रॉड, चार जॉइंट. प्रत्येकात केसाएवढी झीज म्हटली तरी हँडलला ती वीतभर होऊन येते. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. पोराला सीटवर बसवून हँडल डावं-उजवं हलवायला सांगायचं, आपण खाली आडवं होऊन एकेक जॉइंट मुठीत धरायचा. रॉड हलतो पण पुढचा आर्म हलत नाही, तो जॉइंट गेला. मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवायचं : नुसतं हब (चाकाचा मधला तुंबा) हललं तर बेअरिंग, खालच्या शाफ्टसकट हललं तर किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या दांड्याचा) बुश. अख्खा अ‍ॅक्सल जिच्यावर डुलतो ती सेंटर पिन पण बघायची, ती कुणाच्या लक्षातच नसते. स्क्रू सगळ्यात शेवटी. काही बॉक्सला तर स्क्रूच नसतो, शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, काढाव्या लागतात.

दहा मिनिटं: तो पठ्ठ्या मीच. आमचा ट्रॅक्टर ९६ चा. वीतभर प्ले होता, स्क्रू आवळल्यावर दोन बोटं राहिला. दोन हंगाम झाले, पाटात गेलेलो नाही. मिस्त्री म्हणालेला अख्खा बॉक्स बदला. तुमच्या चुलत्यांनी जॉइंट बघितला नाही, त्यात स्क्रूचा काय दोष?

ग्रीसगन: पूर्ण वळवल्यावर हँडल जड होतं का? आपोआप सरळ येतं का? खरं सांगा.

दहा मिनिटं: जड होतं थोडं. जुना ट्रॅक्टर आहे, लग्नातली गाडी नव्हे.

ग्रीसगन: झालं तर मग! ट्रॅक्टर बहुतेक सरळच चालतो, म्हणून बॉक्स मधोमध झिजतो, कडेला नव्यासारखा असतो. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं की कडेला जाम होणारच. तुम्ही दुरुस्ती नाही केली, बॉक्स मारायला घेतलाय.

पऱ्हाटीवाला: भाऊ, तुमी दोघंबी बॉक्सवरच भांडून रायले. मी चारही जॉइंट नवे टाकले, तरी हँडल तसंच डुलत होतं. शेवटी निघालं काय, तर ड्रॉप आर्मचा, म्हंजे बॉक्सातून निंगतो त्या आर्मचा, नट ढिला अन् आर्मच्या दाती घासलेल्या. जॉइंटचे पैसे कायले गेले मंग?

चिखल्या: आमच्याकडे कोकणात चिखलणी झाली की जॉइंटचं रबर फाटलेलं असतं, आत गाळ. ग्रीस गनचे चार दट्टे मारायला कुणाला वेळ नसतो. मी सरळ पॉवर स्टेअरिंगचं किट बसवलं. कटकट संपली.

ग्रीसगन: संपली नाही, कळायची बंद झाली. किटनं हँडल हलकं होतं, जॉइंट ढिले ते ढिलेच.

दुसरी ट्रॉली: आमच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक जमिनीलाच टेकत नाही, स्टेअरिंग ढिलं काय नि घट्ट काय. मागं दोन ट्रॉल्या ऊस, समोर चढ.

दहा मिनिटं: मग एवढा भरता कशाला? वर आमच्याकडनं खेपेला 'एन्ट्री' म्हणून वेगळे पैसे घेता! तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्याच एफआरपीतून (उसाच्या सरकारी किमान दरातून) कापतात, तरी ड्रायव्हरची एन्ट्री वेगळी, तोडणी टोळीची खुशाली (बक्षिशी) वेगळी. मागच्या हंगामात मी एन्ट्री दिली नाही तर तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळत पडला.

दुसरी ट्रॉली: एन्ट्री दिसते, आमचं बुडालेलं दिसत नाही. टोळीचा मुकादम आगाऊ उचल घेऊन पळाला, टोळी आलीच नाही, ट्रॅक्टरचा हप्ता कोण भरणार, तुम्ही? वाहतूक टनावर मिळते, म्हणून भरतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रभर नंबर लावून बघा एकदा.

दहा मिनिटं: नंबर लावलाय, शिकवू नका. काट्याचं तर बोलूच नका, बाहेर वजन करून आलेली गाडी आत हलकी होते.

चिखल्या: स्टेअरिंगचं चाललं होतं ना?

दुसरी ट्रॉली: यांचा ऊस वाळला म्हणून सगळे ड्रायव्हर चोर! या हंगामात स्वतःच ओढा, त्या कडक हँडलनं.

ग्रीसगन: एन्ट्रीचं दहा मिनिटंवाल्यांचं बरोबर आहे, मी पण देऊन बसलोय. स्क्रूचं मात्र चूकच.

दहा मिनिटं: (दोन दिवसांनी) पोराला सीटवर बसवलं. उजव्या रॉडचा मागचा जॉइंट हातातच खुळखुळला, नट अडवणाऱ्या स्प्लिट पिनच्या जागी कुणीतरी खिळा वाकवून घातलेला. घ्या, जिंकलात, पेढे वाटा. आता जॉइंट आणलाय. आवळलेला स्क्रू किती फेरे मागे घेऊ?

ग्रीसगन: जेवढे आवळले होते तेवढे.

दहा मिनिटं: मोजले नव्हते.

पऱ्हाटीवाला: अन् तो खिळा कोनं घातला होता भाऊ, मिस्त्रीनं का तुमी?

दहा मिनिटं: वडिलांनी. त्यांना यातलं काही सांगू नका.